स्पीकर : गोड बोलणारे आणि खरे बोलणारे

(एस. वाय. बी. ए., मराठी)

माणसांत जसे गोड बोलणारे आणि खरे बोलणारे असे दोन प्रकार आढळतात, तसे ते स्पीकरमध्येही आढळतात. घरात गाणी ऐकण्यासाठी आपण जे स्पीकर आणतो ते बहुधा पहिल्या जातीचे असतात. त्यांचा खालचा नाद थोडा फुगवलेला असतो, वरची झणक थोडी चढवलेली असते, आणि त्यामुळे कोणतेही गाणे त्यांच्यावर बरे वाटते. त्यात गैर काही नाही. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला चार गोड शब्द हवेच असतात. परंतु गाणे जेथे घडते तेथे हा गोडवा घात करतो. तेथे दुसऱ्या जातीचा स्पीकर लागतो. त्याला 'मॉनिटर' म्हणतात. शाळेत आपल्या वर्गालाही मॉनिटर असे. गुरुजी बाहेर गेले की गोंगाट करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे हे त्याचे काम. म्हणून तो कोणाला फारसा आवडत नसे. स्टुडिओतील मॉनिटरचे कामही नेमके हेच आहे. गाण्यात कोण गोंगाट करतो आहे, कोण कोणाला झाकतो आहे, कोण सुरातून उतरला, हे त्याने तोंडावर सांगायचे असते.

मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने या विषयात का शिरावे, असे काही वाचकांना वाटेल. कारण सांगते. तालुक्याच्या गावी माझ्या मामेभावाची एक रेकॉर्डिंगची खोली आहे. कॉलेज सुटल्यावर एस. टी. ची वेळ होईपर्यंत मी तेथे बसते. गीतांचे शब्द तपासणे, कोण कधी येणार याची वही ठेवणे, तारा गुंडाळणे अशी कामे करता करता मला त्या यंत्रांची गोडी लागली. तेथे भजनी मंडळे येतात, भीमगीते गाणारे येतात, हलगीवाले येतात, हळदीची गाणी करून घेणारे येतात. गायकाचा आवाज, पखवाज, टाळ, हार्मोनियम ही सारी वेगवेगळी मुद्रित करायची आणि मग त्यांचे प्रमाण जुळवायचे, अशी पद्धत आहे. या जुळवणीला मिक्सिंग म्हणतात. आमटीत मीठ, तिखट, गूळ यांचे प्रमाण राखावे तसे हे काम. चव मात्र जिभेऐवजी कानाने घ्यायची, आणि कानापर्यंत ती पोचवतो मॉनिटर. तोच खोटे बोलू लागला तर आमटी खारट झाली की अळणी, हे कळणार कसे?

सध्या दादाने मनावर घेतले आहे की, पहिल्या प्रतीचे मॉनिटर आणल्याशिवाय आपले काम पुण्या-मुंबईच्या तोडीचे होणार नाही. फिनलंडची जेनेलेक, जर्मनीची नॉयमन, इंग्लंडची ए. टी. सी., फ्रान्सची फोकाल ही नावे सतत त्याच्या तोंडी असतात. या कंपन्यांच्या वरच्या दर्जाच्या जोडीची किंमत लाखांत जाते. एवढी रक्कम म्हणजे कर्ज आले, आणि कर्ज म्हणजे हप्ते आले. आमच्या घरात कर्ज हा शब्द साधा नाही. माझे आईवडील ऊसतोडीला जात. मुकादमाकडून घेतलेली उचल म्हणजे काय, आणि ती फिटता फिटता पुढच्या हंगामाची उचल डोक्यावर कशी बसते, हे मी कोपीत राहून पाहिले आहे. म्हणून या प्रश्नाकडे केवळ हौसेचा प्रश्न म्हणून पाहणे मला जमत नाही. महागडा मॉनिटर घ्यावा की घेऊ नये, घ्यायचा तर केव्हा, याविषयी माझे एक मत बनले आहे. ते येथे मांडते.

प्रथम महागड्या वस्तूला न्याय दिला पाहिजे. 'हे नुसते नावाचे पैसे' असे म्हणून हात झटकणे सोपे असले तरी ते खरे नव्हे. जेनेलेक ही कंपनी १९७८ साली फिनलंडमधील ईसाल्मी या गावी निघाली आणि तिचा पहिला मॉनिटर त्या देशाच्या नभोवाणीसाठी तयार झाला. ए. टी. सी. ही १९७४ सालची. नॉयमन ही तर १९२८ पासून मायक्रोफोन बनवणारी, बर्लिनमध्ये सुरू झालेली नामांकित कंपनी. या मंडळींच्या वरच्या दर्जाच्या मॉनिटरमध्ये पैसा कोठे जातो हे पाहण्यासारखे आहे. साध्या मॉनिटरमध्ये दोन पडदे असतात. खालच्या व मधल्या स्वरांना एक मोठा आणि वरच्या स्वरांना एक छोटा. महागड्यांत पुष्कळदा तीन असतात, म्हणजे मधल्या स्वरांना स्वतंत्र पडदा मिळतो. माणसाच्या बोलण्या-गाण्यातले शब्द ज्यामुळे कळतात तो बहुतेक भाग येथेच असतो. एकाच पडद्याने खाली ढोलकीचा ठोका पेलायचा आणि त्याच वेळी गायिकेची मुरकीही दाखवायची, ही ओढाताण त्यामुळे वाचते. मोठ्या आवाजातही नाद फाटत नाही. समोर जे ऐकू येते त्याच्याशी मिळतेजुळतेच बाजूलाही जाते, म्हणून भिंतीवरून परतणारा आवाजही फारसा बिघडत नाही. जोडीतील दोन्ही स्पीकर एकमेकांशी काटेकोर जुळवलेले असतात. या साऱ्याला खर्च येतो आणि जो दिवसाचे आठ-दहा तास हेच काम करतो, त्याच्या कानांना त्याचा उपयोगही होतो.

तरीसुद्धा खरेपणा आणि किंमत यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही. याचा उत्तम दाखला म्हणजे जपानच्या यामाहा कंपनीचा एन. एस. १०. हा स्पीकर १९७८ साली बाजारात आला तो घरगुती वापरासाठी. घरांत त्याचे स्वागत थंडच झाले, कारण तो गोड बोलेना. खालचा नाद कमी, मधला भाग पुढे आलेला आणि वरचा भाग कानाला टोचणारा. पण मिक्सिंग करणाऱ्यांच्या लक्षात आले की, याच्यावर जे गाणे नीट वाटेल ते कोठेही नीट वाटेल. पांढऱ्या पडद्याची ही काळी पेटी जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसली. वरचा भाग फारच टोचतो म्हणून काही तंत्रज्ञ तिच्या छोट्या पडद्यापुढे चक्क पातळ टिश्यू कागद लावीत. १९८७ साली कंपनीने खास स्टुडिओसाठी सुधारलेली आवृत्ती काढली, आणि २००१ साली पडद्याला लागणारा विशिष्ट लगदा मिळेनासा झाल्यामुळे उत्पादन थांबवले. त्याच सुमारास इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी इतर अनेक मॉनिटरांबरोबर या पेटीची मोजणी केली, तेव्हा तिचे एक मर्म स्पष्ट झाले. तिला हवेचे भोक नव्हते. ती पूर्ण बंद होती. त्यामुळे ठोका थांबला की त्याचा खालचा नादही झटकन थांबे, मागे रेंगाळत नसे. रेंगाळणारा नाद पुढच्या शब्दावर सावली टाकतो. ही पेटी ती सावली टाकीत नव्हती.

यावरून मला एवढेच दिसते की, मॉनिटर सर्वगुणसंपन्न असलाच पाहिजे असे नाही. त्याचा स्वभाव ओळखीचा असावा, तो रोज बदलू नये आणि त्याने आपले दोष लपवू नयेत. निंदकाला शेजार द्यावा असे आपले संत सांगून गेले. तो निंदक श्रीमंत असावा असे काही त्यांनी सांगितलेले नाही.

अमेरिकेतील ऑराटोन नावाची चौकोनी डबी तर याहून साधी. तिच्यात एकच छोटा पडदा. मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर' या १९८२ सालच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेचे तंत्रज्ञ ब्रूस स्वीडीन हे मोठ्या मॉनिटरांबरोबर ही डबीही वापरीत. कारण उघड आहे. गाणे शेवटी ज्यावर ऐकले जाते ते यंत्र बहुधा लहानच असते. आपल्याकडचे उदाहरण घ्या. २०१६ सालच्या 'सैराट' साठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत, सोनीच्या भव्य ध्वनिमुद्रण-दालनात, मोठा वाद्यवृंद घेऊन काम केले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. ती गाणी आम्ही ऐकली कशावर? मोबाइलवर, वडापच्या जीपमध्ये, वरातीत आणि हळदीच्या मांडवात. सगळीकडे ती गाणी उभी राहिली. मोठ्या दालनात केलेले काम लहान यंत्रातही टिकले पाहिजे, ही मिक्सिंगची खरी परीक्षा होय.

किंमत आपल्या कानांवर कशी राज्य करते याचाही अभ्यास झालेला आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी अनेक वर्षे एक साधी युक्ती वापरली. स्पीकर कापडाआड ठेवायचे आणि ऐकणाऱ्यांना गुण द्यायला सांगायचे. अशा वेळी बहुतेकांची पसंती एकाच बाजूला जाई. ज्याचा आवाज समोरून सपाट, म्हणजे कोणत्याही स्वराला झुकते माप न देणारा, आणि बाजूलाही सुरळीत, तो स्पीकर लोकांना आवडे. पुढे टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तेच स्पीकर झाकून आणि उघडे ठेवून, दोन्ही रीतींनी ऐकवले. उघडे ठेवताच गुण बदलले. मोठ्या, देखण्या पेट्यांचे भाव वाढले आणि स्वस्त, छोट्या संचाचे उतरले. ऐकणारे लोक स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतच काम करणारे होते, अडाणी नव्हते. विद्यापीठ आपल्याला उत्तरपत्रिकेवर नाव का लिहू देत नाही, नुसता बैठक क्रमांक का मागते, हे मला या प्रयोगामुळे नव्याने समजले. मॉनिटर विकत घेताना मात्र आपण नाव आधी वाचतो आणि आवाज नंतर ऐकतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. 'नाचता येईना अंगण वाकडे' अशी आपल्याकडे म्हण आहे. स्टुडिओच्या बाबतीत मात्र अंगण खरोखरच वाकडे असते, आणि नाचणारीला उगीच दोष मिळतो. दादाची खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. भिंती सिमेंटच्या, वर स्लॅब. तालुक्याच्या गावांतून अशाच खोल्या भाड्याने मिळतात. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. ज्या नादाची सेकंदाला ५० कंपने होतात, त्याची एक लाट जवळजवळ ७ मीटर, म्हणजे सुमारे २३ फूट लांब भरते. ही लाट खोलीत मावतच नाही. ती भिंतीवर आपटून परतते आणि स्वतःलाच भेटते. काही जागी दोन्ही लाटा मिळून नाद दुप्पट होतो, तर काही जागी त्या एकमेकींना खाऊन टाकतात. बारा फुटांच्या लांबीत हा प्रकार ४७ कंपनांच्या आसपास घडतो, दहा फुटांच्या रुंदीत ५६ च्या आसपास. उंचीही दहाच फूट असल्यामुळे ५६ चा गोंधळ दुहेरी होतो. डीजेच्या ठोक्याचा सारा जीव याच परिसरात असतो. आणि गंमत अशी की, खोलीच्या अगदी मध्यावर, जेथे आपण खुर्ची मांडतो, तेथेच हे नाद जवळजवळ नाहीसे होतात.

मागच्या वर्षी एका भजनी मंडळाचे मुद्रण झाले. पखवाज होता, कीबोर्डवरचा बेस होता. खोलीच्या मध्यभागी बसलेल्या दादाला खालचा नाद कमी वाटला, म्हणून त्याने तो वाढवला. तरीही कमी वाटला, आणखी वाढवला. सप्ताहाच्या मांडवात ते भजन लावले तेव्हा सगळीकडे नुसता घुमारा झाला आणि अभंग कोणता हेच कळेना. मंडळाचे बुवा रागावले नाहीत. त्यांनी इतकेच विचारले, "शब्द कुठं गेले रे, बाळा?" त्या दिवसापासून दादाच्या मनात नव्या स्पीकरचा विचार शिरला. पण पुढे खुर्ची आणि टेबल हात-दोन हात पुढे सरकवले, तेव्हा त्याच जुन्या स्पीकरमधून तो हरवलेला नाद बराचसा ऐकू येऊ लागला. स्पीकर निर्दोष होता. लाखांची जोडी त्या जागी असती तरी बुवांचे शब्द वाचले नसते, कारण भिंतीला किंमत वाचता येत नाही. उलट महागडा स्पीकर जितका खोल उतरतो तितका तो अशा खोलीला अधिक घुमवतो.

यावर कोणी म्हणेल की, आता काही मॉनिटर स्वतःच खोली मोजून आपला आवाज सुधारून घेतात. जेनेलेकजवळ अशी सोय आहे आणि ती उपयोगाची आहे. फुगलेला नाद तिला दाबता येतो. पण जेथे लाटा एकमेकींना खातात तेथे वरून कितीही भर घातली तरी ती खाल्लीच जाते. फुटक्या रांजणात पाणी ओतण्यासारखे ते आहे. रांजण आधी सांधावा लागतो.

म्हणून माझ्या मते क्रम असा असावा. आधी खोली, मग कान, मग स्पीकर. दोन्ही मॉनिटर आणि आपले डोके मिळून तीन सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हावा, छोटा पडदा कानाच्या उंचीवर यावा, उजवीकडची व डावीकडची भिंत सारख्याच अंतरावर असावी. बसण्याची जागा मध्यावर नको. पुढच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांच्या आसपास सुरुवात करून मागेपुढे सरकून पाहावे. याला एक पैसाही लागत नाही. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची आपल्याकडे फार हौस आहे. त्याने टाळांची झणक थोडीफार मरते, खालच्या नादाला त्याची खबरही लागत नाही. त्यापेक्षा गावच्या सुताराकडून लाकडी चौकटी करून घ्याव्यात, त्यांत चार इंच जाडीचे रॉकवूल भरून वर कापड ताणावे आणि त्या कोपऱ्यांत व बाजूच्या भिंतींवर लावाव्यात. बाजूला नेमके कोठे लावायचे हे शोधायला घरातला आरसा पुरतो. एकाने खुर्चीत बसावे, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. जेथे आरशात स्पीकर दिसेल तेथून आवाज उसळी घेऊन कानावर येतो, तेथे चौकट लावावी. खोली मोजण्यासाठी 'रूम इक्यू विझार्ड' नावाची संगणक-प्रणाली फुकट मिळते. मोजणीचा मायक्रोफोन तेवढा विकत घ्यावा लागतो.

कानांचेही शिक्षण असते. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच दाखवून दिले की, आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचा नाद कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तो भरून येतो. म्हणजे आज मोठ्याने आणि उद्या हळू ऐकणारा माणूस रोज वेगळेच गाणे ऐकत असतो. त्यासाठी आवाजाची एक पातळी ठरवून, बटणावर खूण करून, त्याच पातळीवर काम करावे. ज्यांचे मिक्सिंग उत्तम मानले जाते अशी दहा-वीस गाणी आपल्या खोलीत, आपल्या स्पीकरवर पाठ होईपर्यंत ऐकावीत. जोडीला एक चांगला हेडफोन आणि एखादी स्वस्त डबी ठेवावी. एवढे झाल्यावर काही हजारांत मिळणारा मॉनिटरही पुष्कळ खरे बोलू लागतो.

या संदर्भात बिली आयलिश या अमेरिकन गायिकेचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिच्या भावाने घरातल्या झोपण्याच्या खोलीत, यामाहाच्या साध्या एच. एस. ५ या मॉनिटरांवर जो संग्रह घडवला, तो २०१९ साली आला आणि २०२० च्या जानेवारीत त्याला वर्षातील सर्वोत्तम संग्रहाचे ग्रॅमी मिळाले. हे खरे आहे. परंतु ही हकीकत अर्धीच सांगितली जाते. त्या गाण्यांचे अखेरचे मिक्सिंग दुसऱ्या अनुभवी तंत्रज्ञाने केले होते. साध्या साधनांवर गाणे घडू शकते हे जितके खरे, तितकेच हेही खरे की ते कोठेतरी जाणत्या कानाखालून जावे लागते. पहिला अर्धा भाग सांगून स्वतःचे समाधान करणे आणि दुसरा अर्धा सांगून कर्ज काढणे, या दोन्ही गोष्टी टाळल्या पाहिजेत.

मग महागडा मॉनिटर केव्हा घ्यावा? खोली सुधारली आहे, कान तयार झाले आहेत, रोजचे काम आहे, आणि आता आपल्याला ऐकू न येणारी चूक दुसरीकडे ऐकू येते आहे, असे पुन्हा पुन्हा घडू लागले की समजावे, वेळ आली. तेव्हाही आपल्या खोलीत, आपल्या गाण्यावर, शक्य तर डोळे झाकून ऐकून घ्यावा, आणि साठवलेल्या पैशातून घ्यावा. हप्त्यावर घेतलेला मॉनिटर माणसाला शांतपणे ऐकू देत नाही. तो लवकर काम उरकायला लावतो. एका दिवसात चार गाणी उरकली तर हप्ता निघतो, आणि चार गाणी उरकणाऱ्याला खरे ऐकायला सवड कोठून मिळणार?

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न राहतो. माझ्यापुरते उत्तर असे. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आमच्या वस्तीवरच्या काही बायकांच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही त्याच खोलीत मुद्रित केल्या. जाते उचलून आणले होते. खोलीतल्या घरगुती स्पीकरवर ते सारे फार गोड वाटले. हेडफोनवर बारकाईने ऐकले तेव्हा दिसले की, जात्याची घरघर प्रत्येक ओवीचा शेवटचा शब्द गिळते आहे, आणि वर चढवलेल्या प्रतिध्वनीने म्हातारीच्या आवाजातला कापरा पुसून टाकला आहे. ओवीत शेवटचा शब्दच पुष्कळदा मर्माचा असतो. भावाचे, माहेराचे, सासरच्या जाचाचे नाव तेथेच येते. ते नाव गेले तर उरला तो नुसता सूर. ज्या बायकांचे म्हणणे आयुष्यभर कोणी नीट ऐकले नाही, त्यांचे म्हणणे ध्वनिमुद्रणातही हरवावे, हे मला बरे वाटले नाही. घरघर कमी केली, प्रतिध्वनी काढला. आवाज थोडा रुक्ष झाला, पण शब्द परत आले.

येथे एका आक्षेपाची मला जाणीव आहे. 'तुम्ही लहान माणसे, तुम्हाला स्वस्तातले पुरे' हे वाक्य मी वेगवेगळ्या रूपांत ऐकत आले आहे. दहावी झाल्यावर 'पोरीला आता कॉलेज कशाला' असेही ऐकले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. तेव्हा माझ्या लिखाणाचा अर्थ कोणी 'आपल्या पायरीने राहावे' असा घेऊ नये. उत्तम वस्तूची इच्छा धरण्याचा हक्क आम्हांलाही आहे. दादाच्या हट्टामागे हौस थोडी आणि अपमान जास्त आहे, हेही मी जाणते. एक गायक आमच्याकडे गाऊन गेला आणि मिक्सिंग शहरात करून घेतले. 'इथे कसला आलाय मॉनिटर' असे हसून बोलला. ते हसणे दादाच्या मनातून गेलेले नाही. माझे म्हणणे इतकेच की, अपमानाचे उत्तर हप्त्यांनी देता येत नाही. त्याच वाकड्या खोलीत लाखांची जोडी ठेवली तर काम तसेच घुमेल, हसणारा हसतच राहील, आणि त्याच्या हसण्यावर वर व्याजही चढेल. आपल्या माणसांचे गाणे आपल्याच गावात नीट जुळवता आले, बुवांचा प्रत्येक शब्द मांडवाच्या टोकापर्यंत पोचला, तर ते उत्तर पुरेसे होईल.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. मोठे कोश, विश्वकोशाचे खंड आपल्यापैकी किती जणांच्या घरी आहेत? माझ्या घरी तर पाठ्यपुस्तकांखेरीज पुस्तक नव्हते. म्हणून काही माझे अडले नाही. ते सारे ग्रंथालयात आहे आणि ओळखपत्र दाखवले की हाताशी येते. महाग आणि खऱ्या वस्तूंसाठी ग्रंथालय ही फार शहाणी व्यवस्था आहे. तशीच एखादी ऐकण्याची खोली आपल्या महाविद्यालयात का असू नये? एक वापरात नसलेली खोली, सुताराच्या दहा-बारा चौकटी, मोजणीचा एक मायक्रोफोन आणि एकच पण पहिल्या प्रतीची मॉनिटरची जोडी. तेथे संगीत शिकणाऱ्यांनी ऐकावे, लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या ओव्या तपासाव्यात, आणि परिसरातल्या छोट्या खोल्या चालवणाऱ्यांनी आपले काम घेऊन यावे, खरे काय ते ऐकावे आणि परत जाऊन दुरुस्त करावे. एकट्याने काढलेले कर्ज एका घराला बुडवते. तीच वस्तू सर्वांची झाली तर शंभर खोल्यांचे काम सुधारेल. प्राचार्य महोदयांनी, गुरुजनांनी आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनी याचा विचार करावा.

तोवर मी दादाला रॉकवूलचा भाव काढायला सांगितला आहे. तो अजून पूर्ण पटलेला नाही. पण आरसा मात्र त्याने घरून आणून ठेवला आहे.